घरी शिकणं आणि घरी बसणं

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी फोन आला. मगरिबची वेळ जवळ आलेली, मी ओट्यावरचे कपडे गोळा करत होते. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून बाईचा दबका आवाज. "आपा, मासिकात लिहिता त्या तुम्हीच ना? तुमचा तो जानेवारीचा लेख आमच्या घरात फार वाचला गेला."

लिहिणाऱ्याला असं ऐकलं की बरं वाटतं. मलाही वाटलं. पण ते क्षणभरच. पुढचं वाक्य होतं, "तो लेख दाखवून मुलीचे अब्बा तिची शाळा बंद करतायत. म्हणतात, बघ, बाईंच्या भावाची मुलगीसुद्धा घरीच असते."

नियमित वाचणाऱ्यांना आठवत असेल, जानेवारीच्या अंकात मी माझ्या धाकट्या भावाच्या घराबद्दल लिहिलं होतं. त्याची तीन मुलं शाळेत जात नाहीत, घरी शिकतात, आणि घरच्यांबरोबर स्वतःचं घरही बांधतायत, असा तो लेख होता. खूप जणांनी तो आवडल्याचं कळवलं. आज तोच विषय पुन्हा घेते आहे, कारण त्या लेखात लिहिलेलं सगळं खरं असलं तरी सगळं खरं त्यात लिहिलेलं नव्हतं. गोड भाग सांगितला आणि किंमत सांगायची राहिली. तेवढ्या राहिलेल्या जागेतून एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली.

तर आधी ते घर पुन्हा एकदा बघू, या वेळी सगळ्या खोल्या उघडून.

भाऊ आखातात इलेक्ट्रिशियन होता. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. मधला मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. बोलायला चुणचुणीत, पण वाचायला बसला की अक्षरं त्याच्यासमोर जागा बदलत. 'कमल'चं 'मकल' व्हायचं. वर्गात त्याला मागच्या बाकावर बसवलं गेलं आणि लक्ष न देणारा मुलगा असा शिक्का बसला. सहा महिन्यांत तो सकाळी पोट दुखतं म्हणून रडायला लागला. भावाने तीनही मुलांना काढलं, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर धड बोलले नाही. मी शिक्षिका. वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सख्खा भाऊच शाळेवर विश्वास ठेवत नाही, हे मला माझ्या तोंडावर बोलल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर राग येण्याचं कारण आणखी एक होतं. माझ्याही वर्गात मागचा बाक आहे.

मुलाची तपासणी झाली तेव्हा कळलं, त्याला डिस्लेक्सिया आहे. बुद्धीत काही कमी नाही, अक्षर ओळखण्याची वाट वेगळी आहे एवढंच. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात या अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं, बीएड असून.

आता त्यांचा दिवस. फजरनंतर मुलं कुरआन पढतात. चहा-पोळी झाली की पहिलं काम भिंतींना पाणी मारायचं. जुनं वडिलोपार्जित घर एका पावसाळ्यात बसलं. त्याच जोत्याशेजारी नवीन घर जांभ्या चिऱ्याचं उभं राहतंय. सगळे सध्या जुन्या घराच्या उरलेल्या पडवीत आणि एका खोलीत राहतात. सिमेंटचे सांधे सुकताना त्यांना पाणी लागतं, नाहीतर ते भुसभुशीत राहतात. त्यामुळे झारी आणि पाइप घेऊन धाकटी पुढे, बाकीचे मागे.

गणिताचा तास तिथेच होतो. मी गेले होते त्या दिवशी थोरली वही घेऊन बसली होती. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एक सलग भिंत, दार-खिडकी नसलेली. तिला किती चिरे लागतील? त्यांच्याकडे आलेला चिरा १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच. भिंतीची जाडी ९ इंच. तिने भिंतीचे चौरस इंच काढले, १७,२८०. चिऱ्याची दर्शनी बाजू ९८ चौरस इंच. भागाकार करून उत्तर आलं १७७ चिरे. गवंडीमामू कर्नाटकातून आलेले, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी भिंतीकडे बघून सांगितलं, "एकशे साठ. वर चार-पाच तुटफुटीला." पोरीने गणित पुन्हा केलं. पुन्हा १७७. रडकुंडीला आली. मामूंनी हातातली थापी दोन चिऱ्यांच्या मधे धरली आणि विचारलं, "हा माल तुझ्या वहीत कुठे आहे?"

सांध्यातला अर्धा इंच माल तिने धरलाच नव्हता. चौदाचे साडेचौदा झाले, सातचे साडेसात. उत्तर आलं १५९.

मी वर्गात क्षेत्रफळाची गणितं दिलेली मुलं पाहिली आहेत, बरोबर उत्तर काढून विसरून जाणारी. ही मुलगी ते अर्धा इंच आयुष्यात विसरणार नाही.

खोलीचा कोपरा काटकोनात आहे का हे मामू दोरीने बघतात. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा खरा. मधल्याला अक्षरं छळतात, पण हे त्याला एका बैठकीत कळलं. त्या रात्री मी मुलांना अबुल वफा अल-बुझजानींबद्दल सांगितलं. दहाव्या शतकातले बगदादचे मोठे गणिती. ग्रहताऱ्यांचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाने एक पुस्तक खास कारागिरांसाठी लिहिलं, त्यांना कामात लागणाऱ्या भूमितीवर. मधल्याने विचारलं, "म्हणजे ते आपल्या मामूंसाठीच?" मी म्हटलं, हो, मामूंसाठीच.

दुपार वाचनाची. जेवण झालं की दादी, म्हणजे माझी अम्मी, पडवीत चटई टाकते आणि उर्दू गोष्टी मोठ्याने वाचते. मराठी वाचणं भावजयीकडे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं. त्याचे जुने अंक भावाने गठ्ठ्याने मिळवले आहेत. महिन्यातून एकदा सगळे शहरात जातात, रत्नागिरीच्या नगर वाचनालयात. १८२८ साली सुरू झालेलं ते वाचनालय महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. मधला अजूनही हळू वाचतो. ओळीखाली पट्टी धरून, बोट ठेवून. पण कुणी वाचून दाखवलेलं त्याला पाठ असतं. पुस्तक हे शिक्षेचं साधन नाही, एवढं कळायलाच त्याला दीड वर्ष लागलं.

फिरणं हाही त्यांचा अभ्यासच. शहरात गेले की एखादी जागा बघायची आणि घरी येऊन तिच्यावर पानभर लिहायचं असा नियम आहे. मी होते तेव्हा थिबा पॅलेसला गेलो. १८८५मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या शेवटच्या राजाला, थिबाला, कुटुंबासह हिंदुस्थानात आणलं. हा राजवाडा १९१०मध्ये तयार झाला. राजा १९१६मध्ये इथेच वारला, दफनही रत्नागिरीतच झाला. मी मुलांना सांगितलं, त्याच्या आधी आपल्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशाह जफरला, इंग्रजांनी दिल्लीहून रंगूनला नेलं होतं. तो १८६२मध्ये तिथे वारला. मधला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फुफी, म्हणजे दोघांच्या कबरींची अदलाबदल केली?" माझ्या वर्गात मी हे दोन धडे दोन वेगळ्या महिन्यांत शिकवते. हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही, आणि मलाही सुचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी उक्षीच्या सड्यावर गेलो. जांभ्या दगडाच्या उघड्या सपाटीवर कुणा प्राचीन माणसांनी कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. धाकटीने खाली बसून दगडाला हात लावला आणि ओरडली, "हा तर आपल्या घराचा दगड!" खरंच होतं. खाणीतून काढताना मऊ असलेला आणि हवा लागून कडक होणारा तोच जांभा.

इथवर जानेवारीचा लेख होता. तो इथेच संपला होता. आता राहिलेलं.

माझी भावजय बीएस्सी आहे. आखातात असताना ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची. आता सकाळी पाचला उठते आणि रात्री अकराला आडवी होते. तीन इयत्तांचा अभ्यास, दोन चुली, एक घरचा आणि एक कामावरच्या माणसांचा, वर म्हातारी सासू. लोक भावाला म्हणतात, माशाअल्लाह, काय हिंमत केलीस. तिला कुणी काही म्हणत नाही. या खेपेला रात्री भांडी विसळताना ती म्हणाली, "आपा, शाळेतल्या बाईंना रविवार असतो." तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मी भावाला बाजूला घेऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण आता आठवड्यातले दोन दिवस गणित आणि विज्ञान तो घेतो, आणि शुक्रवारी दुपारनंतर ती पुस्तक उघडत नाही.

थोरली चौदा वर्षांची. तिला वाडीत तिच्या वयाची मैत्रीण नाही. संध्याकाळी एसटीतून दप्तरं घेऊन उतरणाऱ्या मुली ती ओट्यावरून बघते. मला विचारत होती, "फुफी, मधली सुट्टी झाली की सगळ्याजणी एकदम धावतात का?" साधा प्रश्न. पण मला उत्तर देताना घास अडकला. तिच्यासाठी आता शहरातला शिवणाचा आणि चित्रकलेचा वर्ग शोधला आहे, आठवड्यातून दोन दिवस. मैत्री आईवडिलांना घरात शिकवता येत नाही.

प्रयोगशाळा घरी होत नाही. लिटमस कागद आणि भिंग आणलं, पण दहावीचं विज्ञान तेवढ्यावर निघत नाही. भाऊ कमावता माणूस आहे, वायरिंगची कामं घेतो. तरी पुस्तकं, वर्ग, शहराच्या फेऱ्या यांचा खर्च सरकारी शाळेच्या कितीतरी पट होतो. शिवाय नातेवाईक येतात, मुलांना पाढे विचारतात, आणि एखादा चुकला की आईकडे बघतात.

आणि परीक्षा. थोरलीचं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीसाठी घातलं आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची ही संस्था. दहावीला बसायला वय किमान चौदा लागतं, पाच विषय घ्यावे लागतात, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमं मिळतात. विज्ञानाचं प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रावर जाऊन करावं लागतं. आपल्या राज्य मंडळाकडे बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, तो बऱ्याच घरांना माहीत असतो. थोरलीच्या हॉलतिकिटावर तिचं नाव छापून येईल आणि बाहेरचं कुणीतरी तिचा पेपर तपासेल. घरातल्या शिक्षणाला घराबाहेरचा तपासनीस हवाच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते.

घरी शिकणं वेगळं आणि घरी बसणं वेगळं. दोन्हीकडे मुलगी घरातच दिसते, म्हणून लांबून ती सारखी वाटतात. जवळ जाऊन बघायचं असेल तर माझ्या मते चार गोष्टी विचाराव्यात. रोज तिला कोण शिकवणार आहे आणि किती वाजता? कुठल्या परीक्षेला तिचं नाव घातलं आहे, पावती कुठे आहे? घराबाहेर ती आठवड्यात कुठे जाते, कुणाला भेटते? आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची. तिच्या भावालाही असंच घरी ठेवणार आहात का? या चारांची उत्तरं असतील तर मी त्या घराला सलाम करेन. नसतील तर त्याला तालीम म्हणू नका. ती चूल आहे, आणि चुलीपुढे बसवलेली पोर आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. संविधानाच्या कलम ५१ क मध्ये त्याच वयाच्या मुलांना शिक्षणाची संधी देणं हे आईवडिलांचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे. पण बघा, कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो. नेमकं त्याच सुमाराला गावातली शाळा संपते, हायस्कूल लांब असतं, आणि मुलगी मोठी दिसायला लागते. तिन्ही गोष्टी एकाच वर्षी येतात. आपल्या किती मुली त्या एका वर्षात निसटतात हे माझ्यासारख्या शिक्षिकेला हजेरीपटावर दिसतं. इल्म मिळवणं फर्ज आहे हे आपण जलशात ऐकतो आणि मान हलवतो. त्या फर्जाला वयाची अट घातलेली मी तरी कुठे ऐकली नाही.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय ही नियामत आहे. लग्न झालेली, मूल कडेवर असलेली बाईसुद्धा तिथून दहावी होऊ शकते. पण चालू शाळा बंद करून तिकडे जायचं असेल तर कारण मुलीचं असलं पाहिजे. माझ्या पुतण्याला शाळा झेपत नव्हती. या मुलीला शाळा आवडते.

त्या बाईंचा फोन आल्यावर मी तिसऱ्या दिवशी तिच्या शोहरांशी बोलले. मच्छीमारीच्या लाँचवर खलाशी आहेत. भांडायच्या तयारीने मी बसले होते, पण माणूस सभ्य निघाला. म्हणाले, "आपा, तुमच्या पुतणीला चालतं, माझ्या मुलीला का नाही?" मी चारही प्रश्न विचारले. थोडा वेळ पलीकडे नुसता समुद्राचा आवाज. मग ते हळू म्हणाले, "शाळा साडेपाचला सुटते. एसटी फाट्यावर येते साडेसहाला. फाट्यावरून वाडी दीड किलोमीटर, मधे एक दिवा नाही. मी पंधरा-पंधरा दिवस पाण्यावर. थंडीच्या दिवसांत साडेसहाला काळोख असतो."

मला बोलता येईना. ही काळजी खोटी नव्हती. मी तालमीवर भाषण तयार केलं होतं, आणि अडचण दीड किलोमीटर काळोखाची होती. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. पण पास फाट्यापर्यंतच येतो. पुढे माणसं लागतात.

म्हणून विचारपूस केली. त्याच वाडीतल्या आणखी दोन मुली आठवीत आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्याही घरात हाच हिशेब होणार. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना विचारलं की लांबच्या मुलींना शेवटच्या तासाआधी सोडून आधीची गाडी धरू देता येईल का. बघतो म्हणाले. ग्रामपंचायतीकडे तीन खांबांवर दिव्यांसाठी अर्ज वाडीतल्या बायकांच्या सह्यांनी गेला आहे. वाडीतला एक रिक्षावाला त्या वेळेला तसाही घरी परततो, त्याच्याशी बोलणं चालू आहे.

मुलीच्या अब्बांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. आईने मात्र एक काम केलं. दाखला काढायला शाळेत जा म्हणून तिला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिला काहीतरी दुसरं काम निघालं. दाखला अजून शाळेतच आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस उरले असतील. भावाच्या घरावर मिरगाच्या आधी कौलं चढली तर चढली, नाहीतर आणखी एक पावसाळा पडवीत. ते त्यांचं ते बघतील. मी ठरवलं आहे, त्या हायस्कूलचा पहिला दिवस असेल तेव्हा माझी शाळा सुटल्यावर त्या फाट्यावर जाऊन उभी राहायचं, साडेसहाची एसटी येईपर्यंत.

कोण उतरलं ते पुढच्या महिन्यात सांगेन, इन्शाअल्लाह.